तारीख नसलेली एकेचाळीस पाकिटं

मी मुळात चिडका माणूस. टपाल कचेरीत एकतीस वर्षं शिक्के मारले, आणि त्यातली निदान तीस वर्षं कुणावर ना कुणावर चिडून मारले. तिकीट वाकडं लावलंय, चीड. पत्ता पार तळाशी कोंबलाय, चीड. पण शिक्का असा मारायचो की गाव आणि तारीख खोलीच्या त्या टोकावरून वाचून घ्या. साहेब नवीन माणसाला माझ्या टेबलापाशी आणून उभं करायचे आणि म्हणायचे, यांचा शिक्का बघून ठेवा. मी मान वर न करता मारत राहायचो, पण कान तिकडेच असायचे. फुशारकी म्हणा हवं तर. होतीच मला.

आज मात्र फुशारकी मारायला बसलो नाही. त्याच शिक्क्यापायी माझ्या हातून जे झालं ते सांगायचं आहे. मध्ये थांबलो तर परत सुरू करायची हिंमत होणार नाही, तेव्हा जरा ऐकून घ्या.

शहराच्या वर, गाडीनं दोन तासांवर, बावीस घरांची एक वस्ती आहे. माझी थोरली बहीण लग्न होऊन तिथं गेली ती तिथलीच झाली. आम्ही भावंडं तिला ताई म्हणायचो, पुढे सगळी वस्तीच तिला ताई म्हणायला लागली. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, उभी उमर दगडाच्या खाणीत काढली आणि खाणीनं त्यांची छाती पार कामातून घालवली. वस्तीत एक दवाखाना होता. दोन खोल्या, एक नर्स, आठवड्यातून दोनदा डॉक्टर, आणि भिंतीशी उभे केलेले ऑक्सिजनचे सिलिंडर. दाजींना दम लागला की ताई त्यांना धरून धरून पन्नास पावलं चालवत तिथं न्यायची. तासाभरात दाजी परत येऊन काहीतरी थट्टा करत बसलेले असायचे. त्या पन्नास पावलांवर तिचा संसार चालला होता.

पालिकेला हा दवाखाना परवडेना. शेवटी ठरलं की सगळ्यांचा कौल घ्यायचा. एका चिठ्ठीवर दोन चौकोन: दवाखाना वर राहावा, किंवा शहरातल्या इस्पितळात हलवावा. नेमका त्याच सुमारास वरच्या रस्त्याचा एक भाग खचला आणि बस बंद झाली. दुधाची छोटी गाडी तेवढी कशीबशी जा-ये करायची. मतपेटी घेऊन वर जायला कुणी तयार होईना, म्हणून वस्तीनं टपालानं मतं पाठवावीत असा हुकूम निघाला.

आता वस्तीतल्या निम्म्या लोकांचा टपालावर काडीचा विश्वास नाही. ताई घरोघर फिरली. "माझा भाऊ टपालात आहे," ती म्हणाली, "पाकिटं माझ्याकडे द्या. तुमचं मत मोजलं जाईल, हा माझा शब्द." मग मला फोन केला.

"छोट्या, मी तुझ्या जिवावर बोलून बसलेय बरं का."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "पाठव बिनधास्त."

नियम सोपा होता. पाकीट मतदानानंतर तीन दिवसांत निवडणूक कचेरीत पोचलं तरी चालेल, पण ते मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात पडलं होतं हे शिक्क्यावरच्या तारखेवरून दिसायला हवं. आणि शिक्का नसला किंवा वाचता येत नसला, तर ज्या टपाल कर्मचाऱ्याच्या हातात ते पाकीट पहिल्यांदा आलं त्यानं लेखी सांगावं, अमुक दिवशी आलं म्हणून. तेवढं पुरे होतं. सरकारी नियमाच्या मानानं चांगलाच शहाणा नियम, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

आता आमच्या टेबलाची एक खोड सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शिक्क्यातले तारखेचे आकडे सुटे असतात, लोखंडाचे, अगदी तिळाएवढे. ते चिमट्यानं काढायचे, नवे बसवायचे, कोऱ्या कागदावर एकदा मारून बघायचे. हे काम सकाळी आल्यावर करायचं असतं. आम्ही करायचो आदल्या संध्याकाळी. साडेपाचला खिडकी बंद झाली की सहाची टपालाची थैली निघेपर्यंत हात रिकामेच, मग उद्याची तारीख आजच बसवून मोकळं व्हायचं. सकाळच्या गर्दीत चिमटा घेऊन डोळे फोडत कोण बसणार? माझ्या आधीचा माणूस हेच करायचा, त्याच्या आधीचाही करतच असणार. साहेबांना ते माहीत होतं, आणि कुणी विचारलं असतं तर माहीत नव्हतं. पकडलं गेलं तर मात्र धडगत नव्हती. टपाल खात्यात खोट्या तारखेइतकं मोठं पाप नाही.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला मागच्या दारावर थाप पडली. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर. हातात कापडी पिशवी.

"ताईंनी दिलीत," तो म्हणाला. "एकेचाळीस आहेत. मोजून घ्या म्हणाल्यात."

मी मोजून घेतली. तो गेला. मी शाईची गादी पुढे ओढली आणि पहिली सहा पाकिटं धडाधड मारली, हाताच्या सवयीनं. सातव्यावर शिक्का खाली येता येता नजर गेली आणि हात वरच रोखला. शिक्क्यात उद्याची तारीख होती. दारावर थाप पडायच्या जरा आधी मीच बसवलेली.

पहिली गोष्ट काय केली असेल, तर अंगठ्यानं त्या सहा शिक्क्यांवरची ओली शाई फासली. विचार नंतर केला. आकडे काढून परत आजचे बसवायचे म्हणजे आणखी दहा मिनिटं, आणि थैली न्यायला आलेली गाडी दारात हॉर्न वाजवत होती. पेनानं तारीख लिहून खाली सही करायची सोय होती, पण मग साहेबांनी विचारलं असतं, शिक्का असताना पेन का? निवडणूक कचेरी तर आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर आणि सातपर्यंत उघडी. उचलून नेऊन दिली असती तरी चाललं असतं. पण टपाल असं हातात घेऊन नेणं आमच्यात बसत नाही. समोरच्या गल्लीतलं पाकीटही थैलीत घालून मोठ्या शहरात पाठवायचं, तिथं ते निवडलं जाणार आणि दोन दिवसांनी परत आमच्याच शहरात येणार. मी स्वतःला समजावलं की या पाकिटांना तिकीट नाही, खर्च पालिकेचा आहे, आणि ज्याला तिकीट नाही त्याला आपण एरवी शिक्का मारतच नाही. मताच्या प्रत्येक पाकिटाला शिक्का हवाच असं परिपत्रक आलं होतं. त्याखाली माझी सही होती. तरी वाटलं, चुकीच्या तारखेपेक्षा तारीख नसलेली बरी. उरलेली पस्तीस तशीच कोरी थैलीत टाकली आणि तोंड बांधलं.

त्याच दिवशी शहरातली मतं मोजून झाली. दवाखाना हलवावा, ही बाजू सतरा मतांनी पुढे. दोन दिवसांनी वस्तीची एकेचाळीस पाकिटं फिरून फिरून निवडणूक कचेरीत पोचली. मुदतीत पोचली, पण सहांवर शाईचे डाग आणि पस्तिसांवर काहीच नाही. ती उघडली तर निकाल फिरणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. समितीनं मला बोलावलं.

लांब टेबल, तीन माणसं. मधे अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, जाड भिंगांचा चष्मा. एका बाजूला इस्पितळाचे व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला वस्तीतल्या शाळेचे मास्तर. बाईंनी एक पाकीट दिव्याखाली धरलं.

"हा शिक्का तुमच्या कचेरीचा?"

"हो."

"तारीख वाचता येतेय तुम्हाला?"

"नाही."

"पुसल्यासारखी दिसतेय."

"ओली शाई फासली जाते कधीकधी," मी म्हणालो. एकतीस वर्षांत माझी शाई एकदाही फासली गेली नव्हती.

व्यवस्थापक माणूस सभ्य होता, हे कबूल करायला हवं. "माझं वस्तीशी काही वाकडं नाही," तो म्हणाला. "पण सतराचा आकडा त्याच दिवशी सगळ्यांना कळला. तो ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी पाकिटं भरली नसतील कशावरून? आज ही अशीच घेतली तर पुढच्या वेळी हरणारी बाजू निकाल ऐकूनच टपालपेटी गाठेल."

"आणि नाही घेतली तर?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "लोकांनी चिठ्ठी भरली, सही केली, पाकीट दिलं. त्यांचं काम संपलं. शिक्का मारणं काय त्यांच्या हातात होतं? टेबलावर कुणाचा तरी हात चुकला आणि शिक्षा बावीस घरांना?"

मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत होती. एरवी मी कुणाच्या तरी अंगावर जाऊन मोकळा होतो. तिथं कुणाच्या अंगावर जाणार?

मास्तर म्हणाले, ड्रायव्हरला बोलवा, त्यानंच पाकिटं आणली. व्यवस्थापकानं दाखवून दिलं की ड्रायव्हर वस्तीतलाच आणि त्याचं स्वतःचं मत त्याच गठ्ठ्यात. बाईंनी नियमाचं पान उलटलं. "त्याचं सांगणं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "यांचं चालेल." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ही पाकिटं तुमच्या हातात मतदानाच्या दिवशी आली, की नंतर?"

त्या दिवशी, पाच चाळीसला. एवढं बोलायचं होतं. पण त्याच्या मागून येणारा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता. मग शिक्का का नाही? ज्यावर आहे तो कुणी पुसला? आणि मग चिमटा, उद्याचे आकडे, खाली सही असलेलं परिपत्रक. निवृत्तीला पाच महिने उरले होते. एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात माझ्यावर एकही शेरा नव्हता. तो कोरेपणा मी जपला होता हो. मला वाटतं नोकरी जाईल याची भीती कमी होती. जो साहेब नवीन माणसांना माझा शिक्का बघा म्हणायचा, तो आता काय म्हणेल, याची जास्त होती.

"सांगता येणार नाही," मी म्हणालो. "रोज हजारो पाकिटं हाताखालून जातात."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घाई नाही. वेळ घ्या."

"नाही बाई. खरंच सांगता येणार नाही."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी ताईचा भाऊ आहे हे त्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांना माझं खरं वाटलं असणार. बहिणीच्या मतावर कुणी उगाच पाणी सोडेल का? दोन विरुद्ध एक असा निर्णय झाला. बाईंनी हात वर करायला बराच वेळ लावला. पाकिटं न उघडता एका पेटीत गेली.

नंतर कित्येक दिवस मी त्या नियमाला शिव्या घालत होतो. कुणी भेटलं की सुरू. असला कसला नियम, कागदाच्या कपट्यावर माणसांचं मत तोलतात, वगैरे. लोक माना डोलवायचे. पण नियमानं काय वाईट केलं होतं? त्याला शाईवर भरवसा नव्हता, म्हणून त्यानं एका माणसाला विचारलं होतं.

निकालाच्या कागदात लिहिलं होतं की ही पाकिटं मुदतीत टपालात पडल्याचं सिद्ध झालं नाही. वस्तीनं त्याचा सरळ अर्थ काढला. पाकिटं उशिरा गेली. उशिरा का गेली? कारण ताईनं ती एक दिवस धरून ठेवली. एवढं खरंच होतं. वस्तीच्या तोंडाशी एक म्हातारं जोडपं राहायचं. म्हातारा खाणीत दाजींचा जोडीदार, हात थरथरायचा. पाकिटावर सही हवी होती. अंगठा चालला असता, पण गडी हट्टी. सही म्हणजे सही. दिवसभर जुन्या वर्तमानपत्रावर गिरवत बसला. ताई त्याच्या पाकिटासाठी थांबली आणि आदल्या दिवसाऐवजी मतदानाच्या दिवशी सकाळी तिनं पिशवी ड्रायव्हरच्या हातात दिली. खड्ड्यातून वाट काढत, दूध पोचवत ती संध्याकाळी माझ्यापाशी आली. वेळेत आली.

ताईचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता ती मला फाडून खाणार. ती म्हणाली, "छोट्या, माझ्यापायी तुझ्या खात्याला बोल लागला रे."

 एखाद्या भल्या माणसानं तिथंच सांगून टाकलं असतं. मी विचारलं, "दाजी कसे आहेत?"

तीन महिन्यांत दवाखान्याला कुलूप लागलं. सिलिंडर खाली गेले, मागोमाग ताई आणि दाजीही खाली आले. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरात मी एकटाच, मागची खोली रिकामी. इस्पितळ चार गल्ल्या पलीकडे. दाजी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. "तुमच्या शहरात हवा भरपूर आहे," ते मला म्हणायचे, "पण वाटत वाटत माझ्यापर्यंत येईतो संपलेली असते." मी हसायचो. ताई पोळी वाढताना म्हणायची, तू होतास म्हणून निभावलं रे. मी मान खाली घालून आणखी भाजी मागायचो.

एकदा मी आणि ताई बाजारात होतो. समोरून वस्तीतलीच एक बाई येत होती. तिनं ताईला बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली. चाळीस वर्षांचा शेजार, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या बायका. "घाईत असेल," ताई म्हणाली, आणि कांदे निवडायला लागली. ते कांदे तिनं फार वेळ निवडले.

मग मी निवृत्त झालो. कचेरीत चहा, भाषणं. साहेबांनी प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं: एकतीस वर्षं, एकही शेरा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई तिसऱ्या रांगेत बसली होती, तिनंही वाजवल्या. मी फ्रेम हातात घेऊन हसत उभा होतो. फोटोत अजून तसाच हसतोय.

घरी आलो. दाजी झोपले होते. ताई स्वयंपाकघरात त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत बसली होती. मी फ्रेम कपाटाला टेकवून ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "ताई, ती पाकिटं वेळेत आली होती."

तिनं सोमवारचा कप्पा भरला, झाकण लावलं.

"पाच चाळीसला," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"ड्रायव्हरनं त्याच आठवड्यात सांगितलं मला," ती म्हणाली. "मीच त्याला म्हटलं, कुठं बोलू नकोस. म्हणू देत लोक मला."

"का पण? तू का गप्प बसलीस?"

"निकाल तर लागून गेला होता. बोलून दवाखाना परत येणार होता का? तुझी नोकरी मात्र गेली असती." तिनं मंगळवारचा कप्पा उघडला. "आणि खरं सांगू का? मला वाटलं, तू बोलशील. आज बोलेल, उद्या बोलेल. इथं राहायला आले तेव्हा वाटलं, आता रोज समोरासमोर जेवतोय, आता तरी बोलेल."

"बोललो ना आज."

"आज. तो कागद हातात पडल्यावर."

ताईनं आयुष्यात मला मारलं नाही, आणि मार खाण्यासारखी कामं मी लहानपणापासून केली आहेत. त्या दिवशी तिनं दोन लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, चुकलो. पुन्हा म्हणालो. ती गोळ्या मोजत राहिली.

"मला सांगून काय उपयोग?" शेवटी ती म्हणाली. "मला माहीतच होतं. वर जा. बावीस घरं आहेत."

म्हटलं, जातो. आणि बघा माझी जात, लगेच नाही गेलो. पहिल्या आठवड्यात पेन्शनचे कागद होते. मग सर्दी. मग दाजींना इस्पितळात ठेवावं लागलं, ते घरी आले, मग म्हटलं जरा सावरू देत. ताईनं एकदाही आठवण केली नाही. असे दोन महिने काढले. एके दिवशी सकाळी दाजी गॅलरीतून म्हणाले, "दुधाची गाडी आठला निघते हो." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. चपला घातल्या आणि निघालो.

ड्रायव्हर अख्ख्या वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रस्ता आता छान झाला होता. वळण संपलं की वस्तीतलं पहिलं घर त्या म्हाताऱ्या जोडप्याचं. तिथंच त्यानं मला उतरवलं.

म्हातारी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मला लगेच ओळखलं. "ताईंचा भाऊ ना तुम्ही? या, या. ताई कशा आहेत? त्यांना म्हणावं, आमच्यावर राग धरू नका."

"तुमच्यावर कसला राग?"

"आमच्यामुळेच झालं ना सगळं. यांच्या सहीसाठी थांबल्या त्या." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "किती सांगितलं, अंगठा द्या, अंगठा चालतो. ऐकतील तर शपथ. नंतर मात्र फार मनाला लावून घेतलं. जेवायला बसले की तेच. माझ्या एका सहीपायी सगळ्यांचा दवाखाना गेला, माझ्या एका सहीपायी. जायच्या दिवशीसुद्धा तेच म्हणत होते."

मी विचारलं, कधी गेले. ती म्हणाली, येत्या रविवारी महिना होईल.

महिना. मी निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. जुळवायला काही कठीण नव्हतं, माझं सगळं आयुष्य तारखांतच गेलं आहे. मी तिच्यासमोर ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. चिमटा, आकडे, अंगठ्यानं फासलेली शाई, बाईंचा प्रश्न, माझं उत्तर. एकही गोष्ट गाळली नाही. ती खाली ठेवलेल्या शेंगेकडे बघत ऐकत होती. मला वाटलं, तिला नीट कळलं नसेल.

"म्हणजे आमचं वेळेत पोचलं होतं?" तिनं विचारलं.

"हो. वेळेत."

"यांच्या सहीमुळं काही झालं नाही?"

"काही नाही. त्यांची सही ठीक होती. चूक माझी होती, आणि नंतर मी खोटं बोललो."

तिनं आत बघितलं, जिथं एक खाट होती आणि तिच्यावर घडी घातलेलं पांघरूण. "हे त्यांना सांगायला हवं होतंत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. 

तिनं ओट्यावरची टरफलं गोळा केली. मग तिनं पदर झटकला आणि विचारलं, "किती घरं राहिली तुमची?"

"तुमचं पहिलंच."

तिनं हातानं शेजारचं घर दाखवलं. "मग आता तिथं जा. त्यांनी यांच्याशी बोलणं टाकलं होतं."

मी उठलो.